पाठीचा कणा आणि त्याचीं दुखणीं



तिरोडा तालुक्यांतील बोदलकसा हें गांव आपणांपैकीं कांहींना तेथील तलावामुळें ठाऊक असेल. १९१७ सालीं पुरा झालेला हा मातीच्या पाळीचा तलाव रानाच्या कुशींत आहे, आणि हिंवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी तेथें उतरतात म्हणून लोक मुद्दाम पाहावयास येतात. मी त्याच बाजूचा राहणारा. परंतु आज मला आपणांस पक्षी दाखवावयाचे नाहींत; आषाढाच्या अखेरीस आमच्या धानाच्या बांध्यांत जें दिसतें तें दाखवावयाचें आहे. घोटाभर चिखल, वरून पावसाची झड, आणि दहा-बारा बाया एका ओळीनें कमरेंत वांकून पऱ्हे रोवीत मागें मागें सरकत आहेत. गुडघे जवळजवळ ताठ, हात चिखलांत आणि पाठ जमिनीला समांतर. सकाळीं वांकलेली ही पाठ दुपारच्या शिदोरीपुरती सरळ होते व पुन्हां दिवस मावळेपर्यंत वांकते. रोवणी आटोपली कीं निंदण, कार्तिकांत कापणी, चैत्रांत मोहफुलें वेचणें, वैशाखांत तेंदूपत्ता. पुरुषांची पाठही मोकळी नसते. पेंढ्यांचे भारे आणि धानाचीं पोतीं तिच्यावरूनच जातात.

अशा पाठी रात्रीं दुखतात यांत नवल नाहीं. परंतु दुखणारी प्रत्येक पाठ श्रमानेंच दुखत असते असें आमच्याकडे सर्वजण धरून चालतात, आणि घोटाळा होतो तो येथें. बहुतेकांच्या बाबतींत हें धरून चालणें खरें ठरतें. उरलेल्या थोड्यांच्या बाबतींत तें त्यांच्या पायांवर बेततें.

ही गोष्ट मला फार लहानपणीं आणि फार वाईट रीतीनें शिकावी लागली. मी पायाळू आहें. जन्मतांना ज्याचे पाय प्रथम बाहेर येतात त्याला पायाळू म्हणतात, आणि पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला कीं भरलेली चमक निघते, अशी समजूत महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं आहे. त्यामुळें आठव्या-नवव्या वर्षापासून गांवांत माझा धंदा बरा चाले. रोवणीच्या दिवसांत तिन्हीसांजेला आमच्या ओसरीवर दोन-तीन बाया पालथ्या निजलेल्या असत. मी एकेकीच्या पाठीवर पाय टेकवीत असें आणि बदल्यांत गुळाचा खडा मिळवीत असें. पुष्कळांना त्यानें बरें वाटे. कां वाटे तें पुढें सांगेन. शेजारच्या एक मावशी मात्र रोवणी संपली तरी येत राहिल्या. "पाय दे रे बाबू, पाठ लय दुखते," असें म्हणत. पोळा गेला, दसरा गेला. त्यांचें अंग उतरत चाललें होतें, संध्याकाळीं तें कढत लागे, आणि पाठीच्या मधोमध एक मणका टेंगळासारखा बाहेर आला होता. माझा पाय नेमका त्याच्यावर पडे. पुढच्या उन्हाळ्यांत त्यांचे पाय लटपटूं लागले आणि मृग लागण्यापूर्वीं त्या उठेनाशा झाल्या. नागपुरास नेल्यावर तेथें सांगण्यांत आलें कीं हा मणक्यांचा क्षय आहे व यावयास उशीर झाला आहे. त्या पुढें कित्येक वर्षें जगल्या. परंतु चालल्या नाहींत. मला त्याबद्दल कोणी कधीं बोल लावला नाहीं. मावशींनीं तर नाहींच.

शिक्षक झाल्यावर शरीरशास्त्राच्या धड्यांत कण्याचें चित्र फळ्यावर काढण्याची वेळ आली कीं मी तें जरा अधिक सावकाशीनें काढीत असें. तेंच चित्र आज शब्दांनीं काढून पाहतों.

कणा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें खांब उभा राहतो. कण्याचा ताठपणा हा आपल्या भाषेंत इतका रुळला आहे कीं कणा सरळ असतो यांत कोणाला शंकाच येत नाहीं. खरा कणा पुढून पाहिला तर सरळ दिसतो. परंतु बाजूनें पाहिल्यास मानेंत पुढें, पाठींत मागें, कमरेंत पुन्हां पुढें आणि त्याखालीं पुन्हां मागें, अशीं चार वळणें त्याला असतात. पोटांतील मुलाचा कणा एकाच वळणाचा, धनुष्यासारखा असतो. मूल मान धरूं लागतें तेव्हां मानेचें वळण घडतें, आणि उभें राहून पाऊल टाकूं लागतें तेव्हां कमरेचें. म्हणजे हीं दोन वळणें मनुष्य स्वतःच्या खटपटीनें मिळवितो. या वळणांमुळेंच चालतांना बसणारे धक्के डोक्यापर्यंत पोंचत नाहींत.

हा कणा एकूण ३३ मणक्यांचा. मानेंत ७, पाठींत १२, कमरेंत ५; त्याखालीं ५ मणके जुळून झालेलें त्रिकास्थि आणि बहुधा ४ जुळून झालेलें माकडहाड. हलतात ते वरचे २४. जिराफाच्या मानेंतही सातच मणके असतात, हें सांगितलें कीं वर्ग नेहमीं हसत असे. चरकानें शरीरांतील अस्थि ३६० मोजल्या, सुश्रुतानें ३००, आणि आजचे शास्त्र प्रौढ मनुष्याच्या २०६ मोजतें; याचें कारण प्राचीनांचें अज्ञान एवढेंच नव्हे, तर मोजण्याची रीत निराळी. चरकाच्या गणनेंत दांत व नखेंही येतात.

प्रत्येक मणक्याचे दोन भाग ध्यानांत ठेवावे. पुढें जाड डमरूसारखा भाग. भार वाहतो तो हा. त्याच्या मागें हाडाचें कडें. हीं कडीं एकावर एक बसून जी नळी तयार होते तींत मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु सुरक्षित असतो. तो करंगळीएवढा जाड. त्यांतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. हाताची हालचाल, पायाची हालचाल, त्वचेचें ज्ञान, मलमूत्राचा निरोध, सारें त्यांच्या स्वाधीन. मोठ्या माणसाचा रज्जु कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीं संपतो, आणि त्याखालीं तंतूंचा झुबका लोंबतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला अश्वपुच्छ असें नांव आहे. हें नांव विसरूं नये. पुढें त्याचें काम आहे. पाठीवरून बोट फिरविलें असतां जे उंचवटे लागतात तीं त्या मागच्या कड्यांचीं टोकें. भार वाहणारा भाग तेथून आंत दूर असतो, तेथें बोट पोंचत नाहीं आणि पायाळूचा पायही पोंचत नाहीं.

आतां सर्वांत नाजूक वस्तु. दोन मणक्यांच्या मध्यें एक चकती असते. लोक तिला गादी म्हणतात आणि तो शब्द चांगला आहे. अशा २३ गाद्या कण्यांत आहेत. गादीची कड चिवट तंतूंच्या थरांची असून ते थर तट्ट्याच्या विणीप्रमाणें एकमेकांना तिरपे गेलेले असतात. आंत ताडगोळ्याच्या गरासारखा, पाण्यानें भरलेला मऊ गाभा. प्रौढपणीं या गाभ्यांत रक्तवाहिनी जात नाहीं. मग त्याचें पोषण कसें होतें? दिवसा भाराखालीं गादीतलें पाणी थोडेंथोडें बाहेर जातें, आणि रात्रीं आडवें झाल्यावर पाण्याबरोबर पोषक द्रव्यें आंत शिरतात. यामुळें मनुष्य सकाळीं उठतांना संध्याकाळच्यापेक्षां सुमारें एक-दीड सेंटिमीटर उंच असतो. हें मुलांना पटेना, तेव्हां मीं त्यांना घरच्या चौकटीवर उठल्याबरोबर एक व निजण्यापूर्वीं एक अशा दोन खुणा करावयास सांगितल्या. दुसऱ्या दिवशीं वर्गांत जो गलबला झाला तो मुख्याध्यापकांना ऐकूं गेला. चौकटी खराब केल्याबद्दल दोन पालक भांडावयासही आले. अंतराळांत जेथें वजनच लागत नाहीं तेथें गेलेल्या प्रवाशांची उंची याच कारणानें कांहीं दिवस वाढते.

वांकल्यानें या गादीवर काय बेततें हें अंदाजानें सांगावयास नको. स्वीडनमधील नाकेमसन या शल्यवैद्यानें १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत जिवंत माणसांच्या कमरेच्या गादींत बारीक सुई घालून आंतील दाब मोजला. उभ्या माणसाच्या गादीवरचा दाब शंभर धरला तर उताणें निजल्यावर तो पंचवीसच्या आसपास उतरतो, पुढें वांकल्यावर दीडशेंच्या घरांत जातो, आणि वांकून हातांत वजन घेतल्यास दोनशेंच्याही वर. कारण सोपें आहे. वांकलेल्या धडाचें ओझें कमरेपासून हातभर पुढें असतें, आणि त्याला मागून ओढून धरणारे स्नायु मणक्याला लागूनच, दोन बोटांवर असतात. तराजूचा एक दांडा लांब आणि दुसरा आखूड असला म्हणजे आखूड बाजूला किती वजन घालावें लागेल? तेवढें स्नायूंना ओढावें लागतें, आणि दोहोंचा भार मधल्या गादीवर पडतो.

आणखी एक गोष्ट रोवणी करणाऱ्या प्रत्येक बाईला अनुभवानें ठाऊक आहे. बराच वेळ वांकून राहिलें कीं उठतांना पाठ 'धरते'. फार वेळ ताणलेले स्नायुबंध कांहीं वेळ सैल पडतात आणि लगेच मूळच्या जागीं येत नाहींत. अशा वेळीं बांधीवरून वर येऊन तत्काळ पऱ्ह्यांचा ओला भारा उचलणें हें सर्वांत घातक. चार-पांच मिनिटें उभें राहून, चालून, मग उचलावा. तसेंच दर पंधरा-वीस मिनिटांनीं अर्धें मिनिट सरळ व्हावें, हात कमरेवर ठेवून किंचित् मागें झुकावें. मुकादम ओरडेल हें मला ठाऊक आहे. पण अर्ध्या मिनिटानें कोणाची रोवणी मागें पडलेली मीं पाहिली नाहीं. यंत्रानें रोवणी करण्याची, किंवा आवत्या पद्धतीनें थेट बीं पेरण्याची रीत आतां आमच्याकडे कांहीं शेतांत आली आहे. त्यांत मजुरी किती वांचते याची चर्चा होते, पाठी किती वांचतात याची होत नाहीं.

आतां दुखण्यांकडे वळूं. श्रमानें होणारें दुखणें स्नायूंचें, स्नायुबंधांचें व मणक्यांच्या लहान सांध्यांचें असतें. चमक, उसण, लचक हीं त्याचींच नांवें. तें हालचालीनें वाढतें, विसांव्यानें कमी होतें, आणि बहुतेकांचें कांहीं आठवड्यांत आपोआप पुष्कळसें बरें होतें. माझ्या पायाचें यश होतें तें यामुळें. बाई पालथी निजे, पाठीला विसांवा मिळे, कोणी आपुलकीनें हात लावी, आणि दुखणें जावयाचेंच असे तें जाई. नांव माझें होई. अशा दुखण्यांत पूर्वीं वैद्य-डॉक्टर आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहावयास सांगत. तो सल्ला आतां मागें पडला आहे. फार तर एक-दोन दिवस विसांवा, मग सोसेल तेवढें चालणें-फिरणें हाच उपाय. निजून राहिल्यानें स्नायु दुबळे होतात व दुखणें लांबतें. शेक घ्यावा, हलक्या हातानें तेल लावावें. पाठीवर तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याची चाल मात्र कोठें उरली असेल तर ती आजच सोडावी.

दुसरें दुखणें गादीचें. 'गादी सरकली', 'नस दबली', 'मणक्यांत गॅप आली' असें हल्लीं घरोघर ऐकूं येतें. गादी बशीसारखी सरकत नाहीं. तिची कड चिरते आणि आंतला गाभा त्या चिरेंतून मागें येऊन मज्जातंतूच्या मुळाला टेंकतो. मग कमरेपासून नितंब, मांडीची मागची बाजू, पोटरी, तों थेट पावलापर्यंत विजेसारखी कळ जाते. खोकलतांना, शिंकतांना ती वाढते. आयुर्वेदांत या रोगाला गृध्रसी म्हणतात, कारण रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो. लोकांच्या तोंडीं आज सायटिका हा शब्द आहे. नांव इतकें जुनें असूनही या दुखण्याचें मूळ बहुधा फाटलेल्या गादींत असतें हें बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोघां शल्यवैद्यांनीं १९३४ सालीं प्रथम ठामपणें दाखवून दिलें. बहुसंख्य रोग्यांत बाहेर आलेला तो तुकडा शरीर स्वतःच हळूहळू जिरवून टाकतें. शस्त्रक्रिया थोड्यांना लागते. आणि 'गॅप' हा शब्द तर उलटाच आहे. वयाबरोबर गादींतलें पाणी कमी होऊन दोन मणक्यांमधील अंतर कमी होतें, वाढत नाहीं. ज्यांना पाठदुखी मुळींच नाहीं अशा माणसांचीं एम. आर. आय. चित्रें पाहून २०१५ सालीं जो आढावा प्रसिद्ध झाला त्यांत विशीच्या शंभरांतील ३७ जणांच्या आणि ऐंशीच्या शंभरांतील ९६ जणांच्या गाद्यांत झीज आढळली. तेव्हां केस पिकावेत तशी ही झीज आहे. चित्रांतील एका शब्दानें घाबरून शेत विकून शस्त्रक्रिया करावयास निघूं नये. चित्र आणि रोग्याचीं लक्षणें जुळतात किंवा नाहीं हें जाणत्या डॉक्टराला विचारावें.

कांहीं दुखणीं थोडक्यांत सांगतों. तरुण माणसाची पाठ पहांटे आंखडते, अर्धा तास किंवा अधिक वेळ सैल होत नाहीं, आणि विसांव्यानें न थांबतां हालचालीनेंच बरी वाटते, तर तो सांध्यांच्या सुजेचा एक निराळा रोग असूं शकतो. त्याला आतां चांगलीं औषधें आहेत. म्हाताऱ्या स्त्रियांचीं हाडें पोकळ होऊन मणके साध्या ठेंचेनेंही दबतात आणि त्या वांकतात. आजीबाईंचें पोंक हें केवळ वयाचें नव्हे. आमच्या पूर्व विदर्भांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग बराच आहे. त्यांत लहान मुलांची पाठ व हातपाय एकाएकीं असह्य दुखतात, कारण विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी हाडांतल्या बारीक वाहिन्या अडवितात. अशा मुलाला आळशी म्हणून शाळेंत उभें करण्यापूर्वीं त्याच्या रक्ताची तपासणी झाली आहे काय, एवढें गुरुजींनीं विचारावें. हें मी स्वतःलाही सांगत आहें.

आणि आतां मावशींचा रोग. क्षय म्हटला कीं फुफ्फुस आठवतें. परंतु त्याचे जंतु रक्तावाटे हाडांत जातात, आणि हाडांच्या क्षयांपैकीं सुमारें निम्मा मणक्यांत असतो. इजिप्तमधील हजारों वर्षांपूर्वींच्या प्रेतांच्या मणक्यांतही त्याच्या खुणा सांपडल्या आहेत. १७७९ सालीं लंडनच्या पर्सिव्हल पॉट यानें पाठीचें कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध वर्णिला. जंतु सांपडला तो १८८२ सालीं, कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला. रोग चोरपावलांनीं येतो. शेजारच्या दोन मणक्यांचा पुढचा भाग पोखरतो, मधली गादी नासते, पुढची बाजू ढासळली कीं मणके पुढें कलतात आणि मागचें टोंक बाहेर येतें. मावशींच्या पाठीवरचा उंचवटा तो हाच होता. आंत साठलेला पू किंवा ढासळलेलें हाड रज्जूला दाबूं लागलें म्हणजे पाय जातात. हें सारें व्हावयास कित्येक महिने लागतात, आणि त्या महिन्यांत रोगी 'रोवणीची पाठ' म्हणून तेल चोळीत असतो.

आज हा रोग औषधांनीं बरा होतो, हें मला मुद्दाम मोठ्यानें सांगावयाचें आहे. वाराणसी येथील डॉ. तुली यांनीं १९७५ सालीं दाखवून दिलें कीं मणक्यांच्या क्षयांत पुष्कळ रोगी नुसत्या औषधांनीं बरे होतात आणि शस्त्रक्रिया निवडक रोग्यांनाच लागते. ही मध्यम मार्गाची रीत पुढें सर्वत्र मान्य झाली. सरकारी दवाखान्यांत क्षयाचीं औषधें फुकट मिळतात. हाडांच्या क्षयांत तीं वर्षभर किंवा त्याहूनही अधिक घ्यावीं लागतात. दोन महिन्यांत बरें वाटलें म्हणून सोडलीं कीं रोग उलटतो आणि मग त्याच औषधांना दाद देत नाहीं. मावशींच्या वेळीं आमच्या गांवाहून नागपूर गांठणें म्हणजे दोन दिवसांचा प्रवास व उसनवारी होती. आतां तिरोड्यास रुग्णालय आहे, गोंदियास २०१६ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि गडचिरोलीकडे 'सर्च' संस्थेच्या रुग्णालयांत मुंबईचे मणक्यांचे शल्यवैद्य येऊन शस्त्रक्रिया करून जातात. दवाखाना लांब आहे ही सबब पूर्वींइतकी खरी राहिली नाहीं.

माझ्या पायाची कीर्ति मात्र अजून गेलेली नाहीं. रोवणीच्या दिवसांत अजूनही कोणी ना कोणी ओसरीवर येऊन म्हणतें, "गुरुजी, जरा पाय लावा." मी नाहीं म्हणत नाहीं, पण आधीं बसवून विचारतों. दुखणें दीड महिन्याच्या वर गेलें आहे काय? रात्रीं निजल्यावरही थांबत नाहीं काय? संध्याकाळीं अंग तापतें, भूक गेली आहे, अंग उतरलें आहे काय? घरांत कोणाला क्षय झाला होता काय? पाय जड पडतात, चालतांना चप्पल निसटते, मुंग्या येतात काय? पूर्वीं कोठें कर्करोगाची गांठ काढली होती काय? झाडावरून पडणें वगैरे झालें काय? यांतील एकाला जरी होय असें उत्तर आलें तर माझा पाय जागचा हलत नाहीं. आणि शेवटीं एक प्रश्न मी हलक्या आवाजांत, बायांना माझ्या घरच्या मंडळींकडून विचारवितों: लघवी अडते किंवा कळत नाहीं असें होतें काय, आणि मांड्यांच्या मध्यें, बसण्याच्या जागीं, बधिर वाटतें काय? येथें त्या अश्वपुच्छाचें काम पडतें. त्याच्यावर दाब आला म्हणजे हीं लक्षणें होतात, आणि तासांचा हिशेब असतो; दुसऱ्या दिवसाच्या बसची वाट पाहावयाची नसते, असेल त्या गाडीनें त्याच रात्रीं निघावयाचें असतें.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत एक वीस-बावीस वर्षांची सून सासूबरोबर आली. पाठ तीन महिने दुखत होती. सासू म्हणाली, पहिलीच रोवणी आहे, सवय नाहीं. मुलगी कांहीं बोलली नाहीं. पण प्रश्न संपेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी आलें होतें, कारण ताप येतो हें तिनें घरीं सांगितलेंच नव्हतें. रोवणी सोडून निजली असें म्हणतील अशी तिला भीति वाटत होती. मीं सासूबाईंना माझ्या मावशींची गोष्ट सांगितली. चौथ्या दिवशीं त्या दोघी गोंदियास गेल्या, तपासण्या झाल्या आणि औषध सुरू झालें. पंधरा महिन्यांनीं तें थांबलें. यंदाच्या पावसाळ्यांत ती मला बांधीच्या धुऱ्यावर दिसली. तिनें पऱ्ह्यांचा लहान भारा डोक्यावर घेतला होता, आणि मला पाहून तिनें तो खालीं ठेवला.